शनिवारी घाणा बंद

नाशिकच्या जेल रोडला राहणाऱ्या बाईनं तेलासाठी गंगापूर रोड गाठायचा म्हणजे एकतर दोन बस बदलायच्या नाहीतर रिक्षावाल्याशी घासाघीस करायची. तरी गेले, आणि एकदा नाही, तीनदा गेले. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे मापाची एक तक्रार आहे आणि ती त्या पोरानं जागच्या जागी मिटवलीही आहे. उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. आत दोन घाणे, पुढे काउंटर, मागे पेंडीची पोती. बाहेर भला मोठा फ्लेक्स, त्यावर डोळ्यांना झापड बांधलेला पांढराशुभ्र खिल्लार आणि 'परंपरागत बैलघाणा' अशी अक्षरं. आत बैल नाही. बैलाचं शेणसुद्धा नाही. पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे, पट्टा आहे, गिअर आहे. उखळ चिंचेचं आणि लाट, म्हणजे उखळात फिरणारा दांडा, बाभळीची, हे मात्र खरं. हात लावून पाहिलं, लाकूडच आहे, आतून लोखंडी अस्तर नाही. एवढं असताना बैलाचं चित्र कशाला, असं विचारलं तर पोरगा म्हणाला, "मावशी, मोटरचा फोटो लावला तर कोण थांबेल?" उत्तर प्रामाणिक आहे, म्हणून या खोटेपणाचा अर्धाच गुण कापते.

घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला १४. एका घाण्यात १५ किलो दाणे पडतात आणि पाऊण तास लागतो. तेलगिरणीतल्या मोठ्या एक्सपेलरसारखं इथे तेल तापत नाही. उखळीतून नुकतं निघालेलं तेल बोटावर घेतलं तर जेमतेम कोमट लागतं. वास भाजलेल्या दाण्याचा नाही, शेंग फोडल्यावर येतो तसला कच्चट, गोडसर. रंग पिवळा, थोडा गढूळ. हे तेल गाळलेलं नसतं. तीन-चार दिवस बरणी हलवू नका, गाळ खाली बसतो. तो गाळ टाकायचा नाही, लसणाच्या चटणीत घालायचा. बाटलीवर लिहायला हवी अशी ही गोष्ट, पण ती लिहिलेली नाही. त्यामुळे माझ्या शेजारणीनं 'तेलात भेसळ आहे' म्हणून अर्धी बाटली ओतून दिली.

भाव असे: शेंगदाणा ३४० रुपये लिटर, करडई ३८०, खुरासणी (कारळे) ४२०, तीळ ५२०, खोबरेल ७००. सुपरमार्केटच्या पिशवीच्या दुप्पट. महाग आहे का? हिशेब मांडला. १५ किलो दाणे, किलोला १३० धरले तर १९५० रुपये. तेल निघतं साडेसहा लिटरच्या आसपास, त्याचे २२१०. म्हणजे नुसत्या तेलावर सुटले २६० रुपये. त्यात शेडचं भाडं, वीज, एक गडी. नाही परवडत. मग परवडतं कशावर? पेंडीवर. आठ किलो पेंड, ४५ रुपये किलो, म्हैसवाले सकाळी सातला येऊन उचलून नेतात. ते ३६० मिळवले की घाण्यामागे ६२० होतात. हे मी त्याला करून दाखवलं तेव्हा तो चमकला. "मावशी, तुम्ही या धंद्यात होता का?"

होते म्हणजे काय, आमचं खानदानच होतं.

आडनाव अष्टमकर. नाशकात चाळीस वर्षं लोक विचारतात, "अष्टमकर म्हणजे कोकणस्थ का हो?" कोकणातलेच आम्ही, पण कोकणस्थ नव्हे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा आणि समोरच्या काठाला अष्टमी. आमचं गाव ते अष्टमी. आमच्यात आडनावं गावांवरूनच पडली. पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, दिवेआगरचे दिवेकर. कुणी कुठल्या खाडीकाठी घाणा मांडला ते आडनावात वाचून घ्यावं.

घाणाच. कारण कोकणात आमचा पिढीजात धंदा तेल काढायचा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं आमच्यात सांगतात. पोथ्या समुद्रात गेल्या, हिब्रू विसरली, तोंडात 'शमा इस्राएल' ही प्रार्थना एवढी उरली. सुंता उरली, खवल्यांचेच मासे खायचे हे उरलं, आणि शनिवार उरला. शुक्रवारी दिवेलागणीला घाणा थांबायचा तो शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत. म्हणून गावानं नाव ठेवलं 'शनिवार तेली'. शेजारचे हिंदू तेली सोमवारी बैल जुंपत नसत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. ते 'सोमवार तेली'. धर्म, पोथी, देश, काहीही विचारायची गरज नाही. बैल कुठल्या वारी मोकळा दिसतो, त्यावरून जात ठरली.

आमच्या आजीला हे नाव आवडायचं. मुंबईला गेलेल्या आमच्या नातेवाइकांना अजिबात नाही. लिहायला-वाचायला शिकल्यावर तेली म्हणवून घ्यायचा कमीपणा वाटणारच. आजी म्हणायची, तेलानंच तुमच्या फिया भरल्या.

आता दुकानाकडे येते, कारण माझा पाय तिथे ज्यामुळे अडला ती पाटी काउंटरच्या मागे आहे. खडूनं लिहिलंय: 'शनिवारी घाणा बंद राहील.'

मला हसूच आलं. पोराला वाटलं मापावरून हसतेय. विचारलं, शनिवारीच का? म्हणाला, "एक तर शनिवारी मेंटेनन्सला लाइट जाते. आणि दुसरं, मावशी, शनिवारी तेल घेतं कोण? शनी मागे लागतो. शुक्रवारी मात्र रांग असते. दुसऱ्या दिवशी मारुतीला वाहायला तेल लागतं ना, ते सगळे आदल्या दिवशी नेतात."

उभ्या उभ्याच माझ्या डोक्यात काहीतरी उलटंपालटं झालं. लहानपणापासून ऐकलेलं असं, की आपल्या वाडवडलांनी धर्मासाठी सातातला एक दिवस धंदा सोडला, केवढा त्याग! आणि हा पोरगा सांगतो की त्या दिवशी गिऱ्हाईकच नसतं. म्हणजे शनिवारी तेल विकत न घेणारं गाव आणि शनिवारी तेल न काढणारा तेली, दोघांचं छान जमलं असणार. शुक्रवारी सकाळी मारुतीचं तेल आमच्याच दारातून जात असणार, संध्याकाळी आमचा दिवा लागत असणार. माझा आपला तर्क आहे, पुरावा काही नाही. पण घाण्याचा धंदा ज्यानं जवळून पाहिलाय त्याला पटेल.

इस्रायलमध्ये दिमोनाला माझी आत्या असते, ८४ वर्षांची. तिला त्याच रात्री फोनवर हे सांगितलं. ती रागावली. "तुला प्रत्येक गोष्टीत पैसे दिसतात." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "पण शुक्रवारी पाय ठेवायला जागा नसायची, असं आई म्हणायची खरी."

आजी लग्न होऊन रेवदंड्याहून अष्टमीला आली. एकाच नदीची दोन टोकं, मुखाशी रेवदंडा, वर अष्टमी. भरतीवर मचवा वर यायचा, ओहोटीवर खाली जायचा. खालून नारळ यायचे, वरून तांदूळ जायचा. तेलाचे चामडी बुधलेही त्याच मचव्यांतून. सासरी घाण्याला हरण्या नावाचा बैल होता. तीळ आणि खोबरं खायच्या तेलासाठी, उंडी आणि करंज दिव्यासाठी. लोक आपापले तीळ घेऊन यायचे, तेल घेऊन जायचे, पेंड घाण्यावरच राहायची. तीच मजुरी. "तेल गावाचं, पेंड आपली," हे आजीचं वाक्य मी गंगापूर रोडच्या त्या पोराला ऐकवलं तर त्यानं ते लिहून घेतलं. आता फ्लेक्सवर येईल बहुतेक.

शब्बाथला माणसानं काम करायचं नाही, तसं बैलानंही नाही. तोरात, आमच्या धर्मग्रंथातच, तसं लिहिलंय, तुझा बैल, तुझं गाढव. तेव्हा शनिवारी हरण्या नदीवर डुंबायचा. शेजारचे भंडारी म्हणायचे, या दिवशी झोप चांगली लागते. घाण्याची लाट रात्रंदिवस कुईं कुईं करते ना.

हा धंदा बुडाला तो काही धर्मामुळे नाही. रॉकेलचे डबे आले आणि उंडी-करंजाचं गिऱ्हाईक गेलं. दिव्याचं तेल गेलं म्हणजे निम्मा घाणा गेला. मग गिरणीचं तेल आलं. आमची माणसं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हलायला लागली होती. अठराव्या शतकात मुंबईला गेली, ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत भरती झाली. त्यातल्याच सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत आमची पहिली मशीद बांधली. होय, मशीद. आमच्या प्रार्थनास्थळाला, म्हणजे सिनेगॉगला, आम्ही मराठीत मशीदच म्हणतो, त्यात दचकण्यासारखं काही नाही. गावाकडच्या मशिदी नंतरच्या, रेवदंड्याची १८४२ ची, अलिबागची १८४८ ची. पलटणीनंतर कारकुनी, इस्पितळं, पोस्ट, रेल्वे. माझे पणजोबा घाण्यावरचे शेवटचे. आजोबा जीआयपी रेल्वेच्या वर्कशॉपात लागले, वडील गार्ड. म्हणून माझं बालपण मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, आणि नंतर नाशिकरोड.

१९७२ च्या पावसाळ्यात वडिलांनी मला अष्टमी दाखवायला नेलं. मी ११ वर्षांची. मनमाडला पाण्याचे हाल, त्यात ते दुष्काळाचं साल. आणि इथे एसटीतून उतरले तर सगळीकडे पाणीच पाणी, नदी काठोकाठ. आमच्या घराचा नुसता चौथरा उरला होता. परसात उखळ होतं, अर्धं मातीत गेलेलं. त्यात पावसाचं पाणी साठलं होतं आणि शेजाऱ्यांची म्हैस ते पीत होती. वडील काही बोलले नाहीत. मी विचारलं, हे आपलं असेल तर आपण मनमाडला नेऊ या का, पाणी साठवायला? वडील इतके हसले, की म्हैस बाजूला झाली.

तेल. तेलाबद्दल लिहायला बसले होते.

मी तीन तेलं घेतली. शेंगदाणा एक लिटर, तीळ अर्धा, खोबरेल अर्धा. घरी येऊन वजनकाट्यावर ठेवलं. शेंगदाण्याचं एक लिटर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. बाटलीचं वजन वजा करून भरलं ८६०. म्हणजे ५० ग्रॅम, साधारण १८-१९ रुपयांचं तेल कमी. घाण्यावाल्याच्या पणतीला मापात मारणार! दुसऱ्या फेरीला बाटली आणि काटा दोन्ही पिशवीत घालून नेले. पोरानं वाद घातला नाही. बाटली गळ्यापर्यंत भरली नव्हती हे कबूल केलं, वरून १०० ग्रॅम जास्त घातलं आणि तेव्हापासून काउंटरवर काटा ठेवलाय. लिटरनं नको, किलोनं मागा, हा माझा सल्ला.

स्वयंपाकात शेंगदाणा उत्तम. फोडणीला थोडा फेसाळतो, घाबरू नये. तेल कमी लागतं हे खरं आहे, पण 'निम्मं लागतं' असं जे पोरगा सांगतो ते काही खरं नाही. माझ्याकडे एक लिटर २३ दिवस गेलं, पिशवीचं १९ दिवस जातं. वालाच्या बिरड्याला खोबरेलाची फोडणी दिली. बिरडं आमच्याकडे रोजाला, म्हणजे उपासाला, होतं, खोबरेल आणि नारळाचं दूध दोन्ही घालून. मटणाबरोबर आम्ही गाईम्हशीचं दूध चालवत नाही, त्यामुळे कोकणच्या नारळानं आमचा धर्म फार सोपा केला. चव आजीच्या हातची आली म्हणणार नाही. पण घर तसं वासलं, आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी 'काय केलंय?' म्हणून वर आल्या.

खुरासणी घेतली नाही, नुसती चाखली. पेठ-सुरगाण्याकडून दाणा येतो. ज्यांना लहानपणापासून सवय आहे त्यांनीच घ्यावी. मला कडसर लागली.

खोबरेलाची मात्र फजिती झाली. माझं मुख्य काम होतं हनुक्काचं. डिसेंबरातला आठ रात्रींचा दिव्यांचा सण. यरुशलेमच्या मंदिरातलं एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, त्याची आठवण. पहिल्या रात्री एक दिवा, मग दोन, असे आठव्या रात्री आठ, शिवाय रोज एक पेटवणीचा. सगळे मिळून ४४. गंमत ही, की पिढ्यान् पिढ्या तेल काढणाऱ्या आमच्या पूर्वजांना तेलाचा हा सणच ठाऊक नव्हता. खिरीचा सण माहीत, नव्याचा सण माहीत, हनुक्का नाही. आमचे लोक तिकडून निघाले त्यानंतर तो सुरू झाला, अशी आमच्यातल्या जाणत्यांची समजूत. नंतर बाहेरच्या यहुद्यांकडून शिकलो. घाणा दारात असताना सण नाही, सण आला तेव्हा घाणा म्हशीखाली गेलेला.

तर खोबरेल. शुक्रवारचा दिवा आमच्याकडे काचेच्या पेल्यात असतो. खाली पाणी, वर खोबरेल, त्यात वात तरंगते. कोकणात बिनघोर जळतो. नाशकात डिसेंबरला? सकाळी निफाडचा पारा पेपरात छापून येतो तेव्हा आमच्या ओट्यावर खोबरेलाची वडी झालेली असते. २४ अंशांच्या खाली ते गोठायला लागतं. दुसऱ्या रात्री वात पेटवली, मिनिटभर जळली आणि विझली. भोवतीचं तेल पांढरं घट्ट. बाटली गॅसजवळ ठेवून पाहिली, पेला कोमट पाण्यात ठेवून पाहिला. तिसऱ्या रात्री नाद सोडला आणि तिळाच्या तेलावर गेले. ते शेवटपर्यंत सरळ जळलं, काजळी जवळजवळ नाही. उरलेल्या ३९ दिव्यांना पाव लिटरच्या थोडं वर लागलं. दिव्यासाठी घेत असाल तर इथलं तीळतेल डोळे झाकून घ्या. खोबरेल घ्यायचं तर मार्चनंतर.

आणखी दोन कुरकुरी. आपले दाणे किंवा तीळ नेऊन काढून मिळतात का, हे मी आवर्जून विचारलं. मिळतात, पण १५ किलोच्या खाली नाही, आणि पेंड ठेवूनही वर किलोमागे २० रुपये मजुरी. आजी असती तर भांडली असती. दुसरं, बाटल्या प्लास्टिकच्या आणि झाकणं ढिली. रिक्षात माझ्या पिशवीला तेल लागलं, खालच्या भाकरीच्या पिठाचा पुडा गेला. घरून स्टीलचा डबा नेला तर तो भरून देतो, लिटरमागे १० रुपये कमीही घेतो, पण हे विचारल्याशिवाय सांगत नाही.

पोरगा स्वभावानं चांगला. सातपूरच्या कंपनीतली नोकरी गेल्यावर बापाची जमीन गहाण टाकून त्यानं हे दोन घाणे घेतलेत. जाताना त्यानं विचारलं, "मावशी, इस्रायली म्हणजे ख्रिश्चनांतलेच ना?" मी म्हटलं, नाही रे, तेल्यांतले. तो म्हणाला, मग आपण एकच. तो तेली नाही, मराठा आहे. पण असो.

पाचपैकी चार. अर्धा बैलाचा कापला, अर्धा झाकणाचा. जायचं तर शुक्रवारी अकराच्या आत जा, नंतर मारुतीवाल्यांची रांग लागते. मी गुरुवारी जाते.